पांढरीच्या पोटातील इतिहास

श्रोतेहो, चिखलीहून खामगावकडे निघालात की वाटेत अमडापूर लागते. बुलढाणा जिल्ह्यातले हे जुने गाव माझे आजोळ. मामांचा वाडा असाच जुना, मातीच्या जाड भिंतींचा, मागे मोठे परसू असलेला. मागच्या पावसाळ्यात परसाकडची भिंत बसली. ती उतरवून नवे बांधकाम काढायचे ठरले. तेव्हा माझ्या मामेभावाने एका ओळखीच्या माणसाकडून धातू शोधण्याचे यंत्र मागून आणले. एकदा पाया खणला की मग काय सापडणार? त्याआधीच परसू तपासून घ्यावे, असा त्याचा विचार. "दादा, तुम्ही इतिहास शिकवता, तुम्ही पाहिजेच," असा त्याचा फोन आला आणि मी दिवाळीच्या सुटीत जाऊन पोहोचलो.

हे यंत्र म्हणजे काही जादू नव्हे. दांड्याच्या टोकाला तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विजेचा प्रवाह जातो आणि त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असला तर त्या धातूतही बारीक प्रवाह उठतात आणि ते आपले स्वतःचे क्षेत्र निर्माण करतात. यंत्राला तेवढाच फरक कळतो आणि ते वाजते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने असेच एक यंत्र तयार केले होते. गोळी काही त्याला सापडली नाही. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनीही यंत्राचा घोटाळा केला, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग हुडकण्यासाठी हीच युक्ती कामी आली.

आमच्या यंत्रानेही दोन दिवस आमची चांगलीच करमणूक केली. आपल्या वऱ्हाडची काळी माती काळ्या पत्थराची झीज होऊन बनलेली. तिच्यात लोहाचे अंश असतात. त्यामुळे यंत्र मधूनच उगाच कुरकुरे. जेथे खणखणीत वाजले तेथे खुरप्याने उकरले, तर निघाले काय? बैलाच्या पायाचा अर्धा नाल, चार खिळे, कडीचा तुकडा, एक गंजलेली किल्ली आणि झिजून गुळगुळीत झालेला तांब्याचा एक पैसा. शेजारची मंडळी भिंतीवरून डोकावून पाहत होती. त्यांतला एक जण म्हणाला, "एखादा पायाळू माणूस आणा, यंत्राचं काम नाही हे."

आमच्या आईची आत्या ओट्यावर बसून हे सारे पाहत होती. तिचे वय ८५च्या पुढे. ती म्हणाली, "बाबू, कायले एवढी माती उकरून राह्यले? जे होतं ते कवाच निघालं."

मग तिने सांगितले ते मी प्रथमच ऐकले. ती सात-आठ वर्षांची असेल. गोठ्याची मेढ रोवण्यासाठी खड्डा घेताना मातीचे एक गाडगे फुटले. आत चांदीची नाणी होती. किती होती, ते तिला ठाऊक नाही. पण तिच्या आईचा ओचा भरला होता. सरकारला कळले तर घरावर जप्ती येईल, या भीतीने आजोबांनी कोणाला सांगितले नाही. आठ दिवसांच्या आत ती सारी नाणी सोनाराच्या मुशीत गेली आणि थोरल्या बहिणीच्या लग्नात तिच्या पायांत तोडे म्हणून आली.

मी विचारले, "आत्या, नाण्यांवर काय होतं?"

"फारशीसारखी अक्षरं होती. एकावर फूल होतं बाप्पा. मले काय समजते?"

श्रोतेहो, त्या दिवसापासून ते फूल माझ्या डोक्यातून जात नाही. ती नाणी मोगलांची असतील, शेजारच्या निजामाच्या मुलखातली असतील, आणखीही कोणाची असतील. आमच्या घरात कोणी, कोणत्या धामधुमीत ती पुरली? १७२४ साली आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला निजाम आणि मुबारीझखान यांची लढाई झाली. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रज व भोसले यांचे सैन्य भिडले. पुढे पेंढाऱ्यांचे दिवस आले. गावात बँक नव्हती, धान्यासाठी पेव आणि पैशासाठी जमीन हीच तिजोरी. पुरणारा माणूस परत आला नाही, किंवा मरताना जागा सांगू शकला नाही, म्हणूनच गाडगे मागे राहते. प्रत्येक गाडग्यामागे असे एक अपुरे राहिलेले आयुष्य असते. आमच्या गाडग्यातील नाण्यांवरचे एखादे साल वाचता आले असते, तर त्या माणसाचा काळ तरी कळला असता. चांदी आमच्या घरात राहिली, माणूस मात्र मुशीत वितळला.

याच्या उलट गोष्ट शेजारच्याच मुलखात घडली आहे. तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीरजवळ तऱ्हाळा नावाचे खेडे आहे. १९३९ साली तेथे जुन्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी सुमारे १६०० होती आणि धातू अगदी हलका, तांब्याशिशाची मिसळ. सोनाराने त्यांचे काय दिले असते? पण ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानाच्या हाती अभ्यासासाठी आली. ती सातवाहन राजांची निघाली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे पुराणांतील राजांच्या याद्यांत सापडत नाहीत. ती या हलक्या नाण्यांनी दिली. तसेच नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे. तेथे १९०६ साली नहपान राजाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एकाने दुसऱ्याचे राज्य जिंकले, याचा याहून बोलका पुरावा कोणता? मात्र तो साठा एकत्र राहिला म्हणूनच बोलला. पन्नास घरांत वाटला गेला असता तर मुका झाला असता.

येथे शिक्षकबंधूंनी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी. जमिनीतल्या वस्तूची खरी किंमत तिच्या धातूत नसते, ती कोठे आणि कशाच्या सोबत सापडली यात असते. १९७४ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त. अशा वस्तू देशात दुसरीकडे कोठे नाहीत. पुढे पुरातत्त्व खात्याने तेथे मोठे उत्खनन केले. बहुतेक विद्वान त्या मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. परंतु काहींना तो निर्णय मान्य नाही. हा वाद मिटत का नाही? कारण मूर्ती मातीच्या कोणत्या थरात होत्या, हे बाहेर काढताना कोणा जाणकाराने पाहिले नव्हते. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. तथापि एकदा विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.

आपले पूर्वज गावाच्या जमिनीचे दोन भाग करीत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षे माणसे राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि त्यांवर पुन्हा भिंती उठल्या, तिची माती पांढुरकी झाली. ही पांढर म्हणजे एकावर एक पाने ठेवलेली पोथी आहे. खणणारा माणूस पान फाडल्याशिवाय ते वाचू शकत नाही. म्हणून ते एकदाच वाचता येते, आणि तेही सावकाश वाचावे लागते. यंत्राला तर या पोथीतला फक्त धातू कळतो. खापर, मणी, जळके धान्य, दगड यांना ते मुके असते. जून २०२४ मध्ये आपल्या सिंदखेडराजा येथे, लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या परिसरात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम चालू असताना शेषशायी विष्णूचे अप्रतिम शिल्प सापडले. ते सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर होते. ते दगडाचे, यंत्र त्यावरून शंभर वेळा फिरवले असते तरी वाजले नसते. माणसांनी थर पाहत काम केले म्हणून ते सुखरूप वर आले.

यंत्र वाईट नाही, ते धरणारा हात कसा आहे हे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये १९९२ साली हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज हे यंत्र घेऊन गेला आणि यंत्र वाजले ते रोमन काळच्या सोन्याचांदीवर. थोडे दिसताच त्याने खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन सुमारे १५,००० नाणी आणि दागिने जसेच्या तसे, पेटीतल्या मांडणीसह उचलले. लॉजला मोठे बक्षीस मिळाले, त्याचा वाटा शेतकऱ्यालाही मिळाला. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडेही कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवले पाहिजे. मग रीतसर चौकशी होते. कोणी हक्कदार निघाला नाही आणि दुसरा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार ते घेते. लपवले तर मात्र हा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे आमचे आजोबा ज्या सरकारला भ्याले, त्याच्या कायद्यात त्यांचा वाटा लिहिलेला होता. तो त्यांना कोणी वाचून दाखवला नाही, इतकेच.

गुप्तधनाच्या नावावर अमावास्येला पूजा मांडणारे, पायाळू मुले हेरणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांना दारात उभे करू नका. अशा अघोरी प्रकारांवर महाराष्ट्राने २०१३ साली कायदाच केला आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र घेऊन जाऊ नका. तेथे परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे. आणि घराचा पाया खणताना काही दिसलेच, तर हात थांबवा. जागेवरच फोटो घ्या. दोन पक्क्या कोपऱ्यांपासून अंतर आणि खोली मोजून लिहून ठेवा. चिंच लावून किंवा राखेने घासून नाणे चकचकीत करू नका. अक्षरे त्यातच जातात. आणि लगेच जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आमच्या परसात तिसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाच्या मागे यंत्र पुन्हा जोरात वाजले. आवाज खोलातून येत होता. मामेभाऊ कुदळ घेऊन आला, मग माझ्याकडे पाहून थांबला. आम्ही दोघांनी विहिरीच्या काठापासून आणि ओट्याच्या कोपऱ्यापासून मापे घेतली, वहीत नकाशा काढला. नव्या घराचा पाया तेथे येतच नाही, म्हणून ती जागा तशीच ठेवली. खाली नालही असेल, नांगराचा फाळही असेल. आत्याने ओट्यावरून विचारले, "निघालं का काही?" मामेभाऊ म्हणाला, "नाही आत्या, लिहून ठेवलं."