वाचनचाचणी-निष्कर्ष : संकलन व अन्वयार्थ (नाशिक जिल्हा)

एकाच मोजपट्टीने अनेक शाळांतील मुलांचे वाचन पारखून त्याचा तुलनात्मक गोषवारा सिद्ध करण्याची पद्धती. नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांतील शासकीय चाचण्यांचे तक्ते वर्गशिक्षकाकडून केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत जिल्हा परिषदेच्या दफ्तरी दाखल होतात. ‘प्रथम’ संस्थेने २००५ मध्ये आरंभिलेल्या ‘असर’ पाहणीचे एकक मात्र शाळा नसून घर आहे : जिल्ह्यातील ३० गावांत प्रत्येकी २० कुटुंबे निवडून अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद व दुसरीची गोष्ट यांपैकी मूल ज्या पायरीपर्यंत पोहोचते ती त्याची पातळी मानतात, पाचांपैकी चार शब्द अचूक वाचल्यास शब्दपातळी गृहीत धरली जाते.

अन्वयार्थ लावताना पटसंख्या, माध्यम व घरची बोली हे तिन्ही तपशील ध्यानी घ्यावे लागतात. कारण आठ मुलांच्या वर्गात एकाच मुलाने टक्केवारी १२.५ ने हलते, आणि सुरगाणा-पेठेतील कोकणा बोलणारी मुले, मालेगावातील उर्दू माध्यमाचे विद्यार्थी व निफाडमधील मराठीभाषक मुले यांची सरसकट सरासरी काढल्यास, ज्या शाळेस साहाय्याची निकड आहे तीच त्या आकड्याआड दडून राहते. म्हणून सरासरीपेक्षा प्रत्येक पायरीवरील मुलांचे प्रमाण नोंदविणे अधिक ग्राह्य मानले जाते.