कागदावरचे २८० आणि चाकामागचा ब्रेक

ऑक्टोबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारात एक स्टेशन वॅगन दाखल झाली: निसान स्टेजिया ऑटेक व्हर्जन २६०आरएस. बाहेरून पाहता ती सामान आणि मुलेबाळे घेऊन सहलीला निघणारी लांबट कौटुंबिक गाडी होती. बॉनेटखाली मात्र स्कायलाइन जीटी-आरचे दोन टर्बो असलेले २.६ लिटरचे इंजिन होते, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता आणि चाकांमागे ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे कॅलिपर होते. माहितीपत्रकात ताकद दिली होती २८० अश्वशक्ती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा आकडा पाहताच थांबावे लागते. त्या दशकातील जपानच्या जवळजवळ प्रत्येक वेगवान गाडीच्या माहितीपत्रकात तोच छापलेला आहे. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी इंजिने, आणि ताकद मात्र सर्वांची सारखी. एखाद्या परगण्यातील सगळ्या गावांचा वसूल दरवर्षी नेमका तितकाच दाखवणारी वही हाती आली, तर आपण त्या वहीवर विश्वास ठेवू का?

या आकड्यामागे एक खरी आणि भीषण गोष्ट आहे. १९७० साली जपानमध्ये रस्त्यावरील अपघातांत १६,७६५ माणसे मरण पावली. वर्तमानपत्रांनी या परिस्थितीला ‘वाहतूक युद्ध’ असे नाव दिले. पुढे मृत्यूंची संख्या बरीच घटली, परंतु १९८८ मध्ये ती पुन्हा दहा हजारांवर गेली आणि सरकारचा दबाव वाढला. तेव्हा, म्हणजे १९८९ मध्ये, वाहन उत्पादकांनी आपसांत ठरवले की देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही. हा कायदा नव्हता, सभ्य गृहस्थांचा समझोता होता. तो २००४ पर्यंत टिकला. वेगालाही ताशी १८० किलोमीटरवर लगाम होता, आणि द्रुतगती मार्गांवरची मर्यादा तर १०० चीच होती.

समझोता पाळला गेला, पण मुख्यतः कागदावर. मोजणीच्या यंत्रावर चढवलेल्या अनेक जीटी-आर गाड्यांनी २८० च्या बरेच वरचे आकडे दाखवले. माझ्या मते हा समझोता सुरक्षिततेपेक्षा शिष्टाचाराचा अधिक होता. आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे: तो ताकदीपुरता होता, ब्रेकविषयी त्यात काही नव्हते. तेथे अभियंत्यांना काही लपवण्याचे कारण उरले नाही.

१९८९ च्या पहिल्या आर३२ जीटी-आरच्या पुढील डिस्कचा व्यास होता २९६ मिलिमीटर. ही गाडी १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील २९ च्या २९ शर्यती जिंकली, आणि त्याच काळात तिचे मूळ ब्रेक तिच्या वेगाला कमी पडतात ही तक्रारही रूढ झाली. फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘व्ही-स्पेक’ आवृत्ती आली ती ३२४ मिलिमीटरच्या डिस्क, ब्रेम्बोचे कॅलिपर आणि ते सामावून घेण्यासाठी १६ ऐवजी १७ इंची चाके घेऊन. जाहीर ताकद तीच, २८०. १९९५ च्या आर३३ जीटी-आरला ब्रेम्बो ब्रेक मुळातच दिले गेले, आणि तोच संच १९९७ मध्ये आपल्या वॅगनच्या चाकांमागे आला.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. मोठा ब्रेक हा अधिक ताकदीचा थेट पुरावा नव्हे. २६०आरएसचे वजन सुमारे १,७०० किलो, म्हणजे जीटी-आरपेक्षा जास्त. जड गाडीला मोठा ब्रेक लागतोच. शिवाय ही गाडी घडवणाऱ्या ऑटेक जपान या निसानच्या उपकंपनीने जीटी-आरची यंत्रणा इंजिनापासून चाकापर्यंत उचलली, त्यासोबत ब्रेकही आले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे पहिले अध्यक्ष शिनइचिरो साकुराई होते, स्कायलाइनचे जनक म्हणून ओळखले जाणारे अभियंते. तेव्हा स्कायलाइनचे इंद्रिय वॅगनमध्ये बसवणे हा तेथे घरचाच व्यवहार होता. ब्रेक एवढेच सांगतो की ही गाडी किती उष्णता निर्माण करील असे तिच्या कर्त्यांना वाटत होते.

ही उष्णता म्हणजे नेमके काय? १,७०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे साडेसहा लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून जवळजवळ उकळीपर्यंत नेण्यास एवढी ऊर्जा पुरते. ताशी १८० वरून थांबवायचे तर हीच ऊर्जा एकवीस लाखांवर जाते, म्हणजे सव्वातीन पट, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सारे काही सेकंदांत चार लोखंडी चकत्यांनी गिळायचे आणि पुढच्या वळणाआधी हवेत सोडायचे.

जुन्या ड्रम ब्रेकला हे जमत नसे. तापलेला ड्रम बाहेरच्या दिशेने फुगतो, आतील शूपासून दूर जातो आणि पायाखालचा पेडल खोल जाऊ लागतो. डिस्क तापली की उलट जाड होते, पॅडच्या जवळ येते, आणि उघडी असल्याने लवकर निवते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ सालीच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते; तांब्याच्या पॅडांचा किंचाळणारा आवाज हा त्यातील एक मोठा दोष होता. ही कल्पना जगाला खऱ्या अर्थाने पटली ती १९५३ मध्ये, डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

आणि येथून धागा जपानकडे वळतो. डनलॉपचा कोबे येथील कारखाना १९०९ पासूनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सुमितोमो उद्योगसमूहाकडे गेला, आणि १९६० च्या दशकात सुमितोमोने डनलॉपच्या परवान्याखाली जपानमध्ये डिस्क ब्रेक बनवण्यास आरंभ केला. आर३२ जीटी-आरचे ते अपुरे ठरलेले चार पिस्टनांचे कॅलिपर सुमितोमोचेच. म्हणजे १९९३ मध्ये निसानने ब्रेम्बो निवडले तेव्हा इंग्लंडहून कोबेमार्गे आलेली एक परंपरा बाजूला सरली आणि तिची जागा उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या कंपनीने घेतली. (आज याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.)

गाड्या पुढे जपानबाहेर गेल्या. तेथील ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. तिचा खर्च जुन्या गाडीवर परवडेनासा होतो, म्हणून सुस्थितीतील वाहनेही लिलावात निघतात. न्यूझीलंडने वापरलेल्या गाड्यांच्या आयातीला १९८० च्या दशकाअखेरीस वाट करून दिली आणि १९९८ मध्ये मोटारींवरील आयातशुल्क पूर्ण रद्द केले. त्याच वर्षी तेथील मोटार जुळणीचे उरलेसुरले कारखाने बंद पडले. कामगारांच्या हातचे काम गेले आणि बंदरावर उजव्या स्टिअरिंगच्या जपानी वॅगन उतरत राहिल्या. अमेरिकेत मात्र १९८८ च्या कायद्यामुळे २५ वर्षे थांबावे लागते. १९९७ ची २६०आरएस तेथे २०२२ मध्ये रस्त्यावर येऊ शकली.

साध्या स्टेजियाच्या धन्यांना जीटी-आरचे ब्रेक हवेसे वाटले यात नवल नाही. भावंड असलेल्या स्कायलाइनचे कॅलिपर भंगारातून आणून लावण्याची रीत त्यामुळेच पडली. या रीतीत एक मूलभूत गैरसमज दडलेला असतो. ज्या गाडीचा जुना ब्रेक चाक जाम करू शकतो, ती मोठ्या ब्रेकने एकदाच थांबवताना कमी अंतरात थांबत नाही. ते अंतर टायरची पकड ठरवते. मोठ्या डिस्कचा लाभ दहाव्या, पंधराव्या वेळी ब्रेक दाबताना मिळतो, घाटाचा उतार अर्धा संपल्यावर.

शिवाय हिशेब एका चाकाचा नसतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की अधिक ब्रेक ऑइल ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातो. पुढचे ब्रेक तेवढे वाढवले तर पुढची चाके आधी जाम होतात आणि मागच्यांची पकड वाया जाते. मागचे अवाजवी वाढवले तर गाडी स्वतःभोवती फिरण्याचा धोका असतो. वॅगनमध्ये ही बाब अधिक नाजूक आहे, कारण आज मागचा भाग रिकामा असतो आणि उद्या त्यात घरभर सामान असते. कारखान्यातील अभियंत्यांनी हे प्रमाण रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्था धरून बसवलेले असते. कॅलिपरसोबत ते प्रमाण काही भंगारात मिळत नाही.

आणि पाव शतकात जे झिजले ते डोळ्यांना दिसतही नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते: डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा मानकानुसार अवघा १५५. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे येतात, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. रबरी नळ्या फुगतात, पिस्टनवर गंज चढतो, डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाते. इटालियन नाव असलेल्या लाल कॅलिपरपेक्षा नव्या नळ्या, नवे ऑइल आणि मूळ मापाच्या नव्या डिस्क यांवर केलेला खर्च जीव वाचवण्याच्या दृष्टीने आधीचा आहे, असे मला वाटते. फोटोत तो दिसत नाही एवढेच.

न्यूझीलंडमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडचे बदल केलेल्या गाडीला स्वतंत्र प्रमाणन घ्यावे लागते. नियुक्त परीक्षक काम तपासतो आणि त्यानंतर इंजिनाच्या कप्प्यात धातूची एक लहान पट्टी बसवली जाते. तिच्यावर गाडीत काय काय बदलले ते नोंदलेले असते, ब्रेक बदलले असतील तर तेही.