पथ्याची शिदोरी

मधुमेह जडलेल्या मनुष्यास परदेशी प्रवासास निघताना अन्नाची जी विवंचना पडते, ती विमानांच्या युगाने निर्माण केलेली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील सधन रुग्ण केवळ या व्याधीच्या परिहारार्थ आगगाडीत बसून परमुलखात जात, तेव्हापासून तिचा सलग इतिहास सांगता येतो. या यात्रेकरूंच्या प्रमुख तीर्थांपैकी एक म्हणजे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडणारे, बोहेमियातील उष्णोदकाच्या झऱ्यांचे कार्ल्सबाद, म्हणजेच आजचे कार्लोव्ही व्हारी, हे गाव होय. १८७० साली तेथे लोहमार्ग पोचला, १८८१ साली झऱ्यांवरील प्रशस्त स्तंभमंडप पुरा झाला, आणि १९११ साली येणाऱ्या पाहुण्यांची संख्या ७० हजारांवर गेली.

तेथील दिनक्रमास एखाद्या व्रताचे स्वरूप असे. पहाटे उठून, हाती चिनी मातीचा पेला घेऊन, वैद्याने नेमून दिलेल्या झऱ्याचे खारट, कढत पाणी घोटाघोटाने पीत मंडपातून सावकाश येरझारा घालावयाच्या, त्यानंतर बराच वेळ काही न खाता थांबावयाचे, न्याहारी बेताची करावयाची, आणि दुपारी भोवतालच्या वनराईतून लांबवर पायी फिरून यावयाचे, असा एकंदर शिरस्ता होता. ज्या बाजारपेठेत साखर भुरभुरलेल्या पातळ पापुद्र्यांच्या गोड चकत्या जागोजाग विकल्या जात, तिच्यातूनच मधुमेही रुग्णास ब्रेड, बटाटा आणि साखर यांच्याकडे पाठ फिरवून जावे लागे. प्रकृतीस उतार पडला म्हणजे तो श्रेय पाण्यास देई. परंतु त्या पाण्यातील क्षारांच्या अंगी रक्तशर्करेवर ताबा मिळविण्याचे सामर्थ्य नव्हते. गुण यावयाचा तो मिताहाराने आणि चालण्याने.

पिष्टमय पदार्थ वर्ज्य करण्याच्या या उपचाराचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. १७९७ साली जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने कॅप्टन मेरेडिथ नामक अधिकाऱ्यास जवळजवळ केवळ मांस व चरबी यांवर ठेवून त्याची प्रकृती सुधारल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मात्र असा आहार फार दिवस निभावणे दुष्कर होते. त्यास सुसह्य रूप देण्याचे श्रेय पॅरिसच्या आपोलिनेर बुशार्दा यांस दिले पाहिजे. मूळचे औषधशास्त्राचे अभ्यासक असलेल्या या गृहस्थांनी पथ्यात हिरव्या भाज्यांना स्थान दिले, व्यायामाचा आग्रह धरला, आणि ग्लुटेनच्या ब्रेडचा पुरस्कार केला. गव्हाची कणीक घट्ट मळून पाण्याच्या धारेखाली चोळीत राहिले, तर पांढरे पिष्ट दुधासारखे वाहून जाते आणि हाती चिवट, रबरासारखा गोळा उरतो; त्याचाच हा ब्रेड. १८७०-७१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचे दुर्भिक्ष्य झाले, आणि आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत असल्याचे बुशार्दांच्या नजरेस आले. कमी खा, ही त्यांची ताकीद त्या भीषण हिवाळ्याने खरी करून दाखविली.

त्याच सुमारास नेपल्सचे कांतानी आणि पुढे स्ट्रासबर्गचे नाउनिन या नामांकित वैद्यांनी पथ्य मोडू नये म्हणून रुग्णांस कुलूपबंद खोल्यांत ठेवण्याची तजवीज केली. बुशार्दांचा मार्ग याच्या नेमका उलट होता. रुग्णाने स्वतःची लघवी स्वतः तपासावी आणि आपल्यास कोणते अन्न सोसते याचा निर्णय तिच्यावरून करावा, अशी त्यांची शिकवण होती. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण कुलपाच्या धाकाने पाळलेले पथ्य कुलूप निघताच सुटते, आणि समजून पाळलेले पथ्य माणसाबरोबर सातासमुद्रांपलीकडे जाते.

आहार आणि चालणे यांवर भिस्त ठेवणाऱ्या उपचाराचा दाखला आपल्याकडेही सापडतो. प्रमेहाच्या, म्हणजे ज्यात मधुमेहही येतो त्या व्याधीच्या, चिकित्सेत चरकाने यवान्नास, म्हणजे जवाच्या अन्नास, महत्त्व दिले, तर सुश्रुताने निर्धन रुग्णास सांगितले की त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षान्नावर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने अथवा त्याहून अधिक चालावे. तेथे प्रवास हाच औषधाचा भाग मानला होता.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले आणि ज्या रुग्णांस पूर्वी मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती, त्यांस जीवदान मिळाले. त्यानंतर पथ्याचे निर्बंध क्रमाने सैल झाले, परंतु पिष्टाने रक्तातील साखर चढते हे सत्य काही बदलले नाही. आज परमुलखातील भोजनगृहात बटाट्याऐवजी हिरवी भाजी मागणे, अंडी, मासे, चीज, दही यांवर भर देणे, दाटपणासाठी मैदा घातलेले सॉस वेगळे आणावयास सांगणे, ही बुशार्दांचीच परंपरा होय. मात्र इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने पिष्टान्न एकाएकी कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रांचा बंदोबस्त करून घ्यावा, साखर मोजण्याचे यंत्र हाताशी ठेवावे, आणि आपल्या पथ्याची कारणे स्वतः नीट समजून घ्यावीत.