मातीच्या पोटातली बर्फाची चाल

आज आपण बर्फाचा इतिहास ऐकणार आहोत. पण तो बर्फात लिहिलेला नाही. बर्फ वितळून गेल्यावर मागे राहिलेल्या मातीत तो लिहिलेला आहे.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोप आणि कॅनडाचा फार मोठा भाग बर्फाखाली होता. काही ठिकाणी हा थर दोन-तीन किलोमीटर जाड होता आणि स्वतःच्याच वजनाने तो हळूहळू सरकत असे. स्वित्झर्लंडच्या लुई अगासी यांनी १८४० साली हिमनद्यांवर ग्रंथ लिहिला आणि हा विचार जगापुढे ठामपणे मांडला. बर्फ गेला, आणि मागे उरली दगड, वाळू, चिकणमाती यांची सरमिसळ. भूवैज्ञानिक तिला 'टिल' म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती खिचडीसारखी दिसते, बहुधा ना थर ना रांग. त्यामुळे तिच्या आत वाचण्यासारखं काही असेल, असं पुष्कळ काळ फारसं कुणाला वाटलं नाही.

शिवाय समज असा होता, की बर्फ टणक खडकावरून घसरत जातो. १९७० च्या दशकात जेफ्री बोल्टन यांनी आइसलंडमधल्या एका हिमनदीखालच्या मातीत खुणा पुरल्या आणि काही दिवसांनी त्या पुन्हा उकरून पाहिल्या. खुणा सरकल्या होत्या. म्हणजे बर्फाबरोबर खालची ओली मातीही चालत होती. १९८६ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या एका वेगवान हिमप्रवाहाखाली पाच-सहा मीटर जाडीचा पाण्याने भिजलेला मऊ थर असल्याचं कंपनांच्या मोजणीवरून समजलं. आता प्रश्न उभा राहिला: जिथला बर्फ केव्हाच गेला, तिथली माती तेव्हा हलली होती का, हे कसं ओळखायचं?

उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिलं. दगडाचा पारदर्शक पातळ काप करून पाहण्याची रीत इंग्लंडच्या हेन्री सॉर्बी यांनी १८४९ पासून रुजवली. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे, म्हणून लोक त्यांना हसले. पुढे ऑस्ट्रियाच्या वॉल्टर कुबिएना यांनी १९३० च्या दशकात हीच नजर शेतातल्या मातीकडे वळवली. आणि १९८० च्या दशकापासून नेदरलँड्सच्या याप व्हान डर मेअर यांनी ती टिलवर चिकाटीने वापरली.

काम सबुरीचं आहे. दोन्ही बाजूंनी झाकण असलेली पत्र्याची डबी मातीत अलगद बसवायची, दिशा लिहून ठेवायची आणि आतली माती न विस्कटता डबी काढून घ्यायची. मग मातीतलं पाणी घालवायचं, पातळ रेझिन मुरवायचं आणि ते घट्ट व्हायला कित्येक आठवडे थांबायचं. शेवटी त्याचा काप काढून तो काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत सुमारे ०.०३ मिलिमीटरवर आणायचा. आपल्या केसापेक्षाही पातळ!

या कापात काय दिसतं? तळहातांमध्ये लाडू वळताना आपण एक हात पुढे, एक मागे नेतो आणि मधला गोळा फिरतो. सरकणाऱ्या मातीत अडकलेला खडाही तसाच फिरतो. मग बारीक कण त्याच्याभोवती गोल फेर धरून बसतात. कुठे कण एका तिरक्या रेषेत ओळीने लागलेले असतात: तिथे माती एकमेकींवरून घसरली. कुठे एखादा दाणा चिरडलेला, पण त्याचे तुकडे जागच्या जागी: तिथे दाब जबर होता. कुठे पाणी जोराने निसटल्याच्या वाटा. विशिष्ट प्रकाशात चिकणमातीचे एका दिशेला वळलेले पट्टे उजळतात, आणि दाब कुठून आला ते कळतं.

मात्र एका खुणेवरून निवाडा करायचा नाही. उतारावरून चिखल वाहत आला, तरी खड्याभोवती असे फेर बनतात. म्हणून अभ्यासक अनेक खुणा जुळवतात आणि शेजारच्या मातीचीही साक्ष काढतात.

हे सगळं फार लांबचं वाटतंय का? आपल्या चंद्रपूरजवळ, पैनगंगेकाठच्या इरई इथे, फ्रान्सिस फेडन यांना हिमनदीने घासलेला, ओरखडे पडलेला चुनखडक आढळला. त्यांनी तो १८७५ मध्ये नोंदवला. तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. विदर्भाच्या उन्हात उभं राहून यावर विश्वास ठेवणं जडच जातं!

आणि पुढची गोष्ट तर आपल्या कोकणच्या दारातली आहे. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ किती वेगाने समुद्रात उतरेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या खालच्या जमिनीवर ठरतं. तो सगळा गेला तर जगभरचे समुद्र तीन मीटरांहून जास्त चढतील. त्याला शतकानुशतकं लागतील, पण बंदरं, खाजणं, कोळीवाडे किनाऱ्यावरच आहेत. आजच्या बर्फाखाली उतरणं महाकठीण आणि खर्चाचं. जुन्या बर्फाखालची माती मात्र युरोपातल्या शेतांत आणि समुद्रकड्यांत उघडी पडली आहे. बर्फाखाली माती कशी वागते, हे तिच्याकडूनच शिकावं लागतं. म्हणून नखाएवढ्या जागेतले हे फेर मोजायला माणसं आयुष्य घालवतात.

तुमचे प्रश्न जरूर कळवा, पुढच्या भागात आपण त्यांवर बोलू.