काठावरची रोपे

वृत्तपत्रातील जनमत चाचणीखाली बारीक टंकात एक ओळ असते: इतक्या हजार लोकांशी बोलून हा कौल काढला आहे. आकडा मोठा म्हणजे कौल खरा, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत १९३६ सालीच मोडीत निघाली होती. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, सुमारे २४ लाख परत आल्या आणि लँडन विजयी होणार असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात ही माणसे बहुतांशी सुस्थितीतली होती. शिवाय उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली, हाही प्रश्न होताच.

मराठी माणसाने हाच धडा शेतात गिरवला होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या नमुना पाहणीला शास्त्रीय बैठक दिली. गाव, शेत आणि शेतातला तुकडा यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचा, कापणाऱ्याच्या पसंतीला वाव ठेवायचा नाही, हे तिचे तत्त्व. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. तुकडा फार लहान असला की काठावरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले.

आता बदनापूरचा विचार करू. येथील कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते. वाणांच्या चाचणीत कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठीने ठरते, कारण चांगली जमीन आवडत्या वाणाला देणे म्हणजे निकाल आधीच लिहिणे. मतांची पाहणी करणारा मात्र जालना रस्त्यावर उतरून चहाच्या टपरीवर भेटतील त्यांना विचारून परतला, तर त्याने काठावरचीच रोपे मोजली. शेतावर गेलेली बाई, गावकुसाबाहेरची वस्ती, ऊसतोडीला गेलेले कुटुंब त्याच्या हिशेबात येत नाही.

बदनापूर ज्या जालना लोकसभा मतदारसंघात येते, तेथून पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे २०२४ साली पराभूत झाले. त्या वर्षी राज्यात बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी महायुतीला पुढे दाखवले होते. प्रत्यक्षात ४८ पैकी तिला १७ जागा मिळाल्या, महाविकास आघाडीला ३०. चूक नमुन्यात होती की उत्तरांत, हे पद्धत पूर्ण छापल्याशिवाय वाचकाला ठरवता येत नाही.

म्हणून किती जणांना विचारले, एवढ्यावर आम्ही समाधान मानू नये. नावे कोणत्या यादीतून निघाली, ती कोणी निवडली, किती जण भेटले नाहीत, हे विचारावे. ज्याला विचारलेच नाही, त्याचे मत 'जनमत' म्हणून छापले जाते, तेव्हा त्याचा आवाज दुसऱ्याच्या तोंडी घातला जातो.