समाजशास्त्र मराठवाड्यांत कसें आलें



समाजशास्त्र नांवाचा विषय विद्यापीठांत शिकवितात हें ऐकून आमच्याकडील वृद्ध मंडळी हंसतात. समाज तर रोज दारांत उभा. त्याचें शास्त्र तें कसलें, असें ते विचारतात. ही विद्या नांदेड-लातुरापर्यंत कशी आली हें पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें उत्तर थोडेंबहुत हातीं लागतें.

विद्यापीठांत तिची गादी मांडली जाण्यापूर्वींच मराठी माणसानें या विद्येस हात घातला होता. ज्ञानकोशकार केतकर यांनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां जातिसंस्थेचा इतिहास लिहिला. तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. १९१६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर आपला निबंध वाचला. या दोहोंच्या मध्यें, १९१५ सालीं, त्रिंबक नारायण आत्रे यांचें ‘गांव-गाडा’ हें पुस्तक निघालें. वतनदार, बलुतेदार, कुणबी, फिरस्ते असा खेड्याचा सारा संसार त्यांत उलगडून दाखविला आहे. माझ्या मतें मराठी समाजशास्त्राचा पाया हाच होय. मात्र पदवीधरांनीं तो जितका वाचावयास हवा होता तितका वाचला नाहीं.

मुंबई विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग १९१९ सालीं उघडला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे व नगररचनेचे जाणकार. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं ती धुरा घेतली आणि १९५९ पर्यंत सांभाळली. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी.

या सर्व काळांत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, परंतु तेथील शिक्षण उर्दूंत. ज्याच्या घरीं मराठी बोलली जाई त्याला आपल्याच गांवाविषयीं विद्यापीठांत बोलावयाचें तर परकी भाषा जवळ करावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. पुढें श्यामाचरण दुबे यांनीं उस्मानियांतील सहकारी बरोबर घेऊन शामीरपेठ या गांवाचा अभ्यास केला व १९५५ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. तें गांवही हैदराबादेजवळचें, तेलुगु मुलखांतील.

आमच्याकडे नांदेडला १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें, औरंगाबादेस १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ, लातुरास १९६१ सालीं दयानंद महाविद्यालय. मुलगे शिकूं लागले, मुली मागाहून. पण वर्गांतील जातिव्यवस्थेचा धडा आणि गांवांतील जात यांची गांठ पडली ती फार कठोर रीतीनें. विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळांत झाला, आणि मराठवाड्यांतील कित्येक दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळलीं. जें पुस्तकांत वाचावयाचें तें विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें घडलें. कोणाच्या घराचें राख होणें हा त्याचा स्वतःचा अनुभव होता, आणि कोणाला आपलेच आप्त त्या जमावांत दिसले असतील. अशा गांवीं वही घेऊन जाणें सोपें नव्हे. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला आणि त्याच वर्षीं १७ सप्टेंबरास नांदेडला नवें विद्यापीठ स्थापन झालें. पुढें लातुरास त्याचें उपकेंद्र झालें.

या दोन घटनांच्या थोडेंच आधीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. दगडामातीच्या जाड भिंती आणि वरचें जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलें. हजारों जीव गेले. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. घर किती मोठें द्यावयाचें तें शेतीवरून ठरलें: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्याहून अधिक असल्यास ७५०. जुन्या गांवीं वाडा, आळी, वेशीबाहेरची वस्ती यांवरून माणूस ओळखला जाई. येथें सातबाऱ्यावरून ओळखला जाऊं लागला. जुनी उतरंड मोडली कीं तिनें नुसते कपडे बदलले? मला तरी हा प्रश्न इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील कोणत्याही धड्याहून मोठा वाटतो.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. माझें ज्ञान वाचनाचें. पण माझा एक विद्यार्थी हा विषय घेऊन एम. ए. करीत असतां अशाच एका गांवीं प्रश्नावली घेऊन गेला होता. परत येतांना माझ्या घरीं उतरला. ‘तुमचे शेजारी कोण?’ असा त्यांत एक रकाना होता. एका म्हातारीनें त्याला उलट विचारलें, “कोणते रं बाबा? तिकडले का हितले?” तिकडले म्हणजे जुन्या गांवचे, त्यांतील निम्मे आतां नव्हते. छापील कागदावर रकाना एकच.

“मग तूं काय केलेंस?” मीं विचारलें.

त्यानें कागद पुढें केला. पेन्सिलीनें दुसरा रकाना आंखला होता, आणि त्यांत अकरा नांवें होतीं.