'हेळसांड' आणि 'आणि' : मागणी-नोटिशीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ पुष्कळ कंपन्यांच्या अंताची सुरुवात एका कागदाने होते. 'इतकी रक्कम इतक्या दिवसांत द्या,' असे धनको लिहितो. मुदत टळली की कायदा त्या कंपनीला कर्ज फेडण्यास असमर्थ मानू शकतो. पण ते देणेच कंपनीला मान्य नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर दोन लहान शब्दांभोवती कसे घडले, ते पाहू.

२/ इंग्लंडच्या १८६२च्या कंपनी कायद्यातील कलम ८० असे होते : देणे ५० पौंडांहून अधिक असावे, लेखी मागणी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोचावी, आणि कंपनीने तीन आठवडे ते फेडण्यात 'हेळसांड' करावी. मग ती असमर्थ ठरे. धनकोला तिच्या वह्या तपासण्याची गरजच उरत नसे.

३/ सोय मोठी होती, तसा धोकाही. कंपनी गुंडाळण्याच्या अर्जाची जाहिरात झाली की पत आणि गिऱ्हाईक दोन्ही ढासळत. साहजिकच त्या भीतीने वादग्रस्त रक्कमही वसूल करण्याचा मोह धनकोंना होई.

४/ १८७४ साली 'लंडन अँड पॅरिस बँकिंग कॉर्पोरेशन' प्रकरणात न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी नेमके त्या शब्दावर बोट ठेवले. पैसे न देणे म्हणजे हेळसांड नव्हे. सबळ कारणाविना न देणे म्हणजे हेळसांड. जो प्रामाणिकपणे देणे नाकारतो, तो हेळसांड करीत नाही.

५/ हीच रचना भारतात आली. १९५६च्या कायद्यात मर्यादा ५०० रुपये होती आणि मुदत तीच, तीन आठवड्यांची. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या 'मधुसूदन गोरधनदास' खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने कसोटी स्पष्ट केली : वाद प्रामाणिक हवा आणि बचावात दम हवा. मात्र देणे निर्विवाद असेल, तर 'आमच्याकडे पैसे आहेत, पण आम्ही देणार नाही' हे उत्तर चालणार नाही.

६/ २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने डाव अधिक गंभीर केला. माल वा सेवा पुरवणाऱ्या धनकोच्या नोटिशीला उत्तर देण्यास १० दिवस मिळतात. पुढे त्याचा अर्ज दाखल करून घेतला गेला, तर संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात.

७/ लगेचच कसोटीचा खटला आला, तोही 'नच बलिये'मुळे! या कार्यक्रमाच्या मतदानाचे काम मोबिलॉक्सने घेतले होते आणि त्यातील काही भाग किरुसाकडे सोपवला होता. किरुसाने गोपनीयतेचा करार मोडला, असे म्हणत मोबिलॉक्सने पैसे रोखले. डिसेंबर २०१६मध्ये किरुसाची मागणी-नोटीस आली.

८/ कलम ८ म्हणत होते : वादाचे अस्तित्व 'आणि' प्रलंबित दाव्याची नोंद दाखवा. शब्दशः वाचले, तर ज्याने आधीच दावा लावला आहे तोच वाचणार. नोटिशीच्या चार दिवस आधी वाद उद्भवला असेल, त्याने काय करावे? २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या निकालाने तो 'आणि' 'किंवा' असा वाचला. मोबिलॉक्स जिंकली. २०१८च्या दुरुस्तीने कायद्यातही 'किंवा' आले.

९/ ही ढाल सर्वांसाठी नाही. वाद नोटीस मिळण्यापूर्वीचा असावा लागतो. नोटीस हाती पडल्यावर रचलेली तक्रार टिकत नाही. बचाव खरा ठरेलच, हे तेथे सिद्ध करावे लागत नाही. पण न्यायाधिकरण धान्य आणि कोंडा वेगळा करतेच. म्हणून जुना पत्रव्यवहार निर्णायक ठरतो. मोबिलॉक्सला तारले ते तिने जानेवारी २०१५मध्ये, नोटिशीच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, पाठवलेल्या एका ईमेलने.

१०/ १८७४ आणि २०१७ या दोन्ही निकालांचा गाभा एकच : दिवाळखोरीचा कायदा वसुलीचा सोटा नव्हे. देणे खरे की खोटे, हा वाद असेल तर त्याची जागा दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे आहे. पण नोटिशीला उत्तर न देता गप्प बसणारी कंपनी ही ढाल गमावण्याचा धोका पत्करते.